ट्रकचे भाडे मैलावर : पण जोखीम कोणाची?

भिवंडी-मालेगावात माग भाड्याने चालविणाऱ्या कारागिराला हे दुखणे सांगावे लागत नाही. माग चालो की बंद राहो, महिन्याचे भाडे द्यावेच लागते. सूत मिळाले नाही, मंदी आली, तरी मालकाचा तगादा ठरलेला. अमेरिकेतील स्वतंत्र ट्रकचालकांचे दुखणे नेमके हेच आहे. त्यावर तिकडे 'जितके मैल, तितके भाडे' असा एक इलाज निघाला आहे. ज्या व्यापारी बांधवांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी तो समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

तिकडची जुनी पद्धत अशी. चालक कंपनीकडून ट्रक भाडेपट्ट्याने घेतो, पुढे तो त्याच्या मालकीचा होईल या आशेवर. दर आठवड्याला ठरलेली रक्कम त्याच्या कमाईतून कापली जाते. डिझेल, विमा, दुरुस्ती वेगळी. मेख अशी की ट्रक देणारा आणि माल देणारा पुष्कळदा एकच असतो. त्याने माल कमी दिला की चालकाच्या अंगावर बाकी चढते. चालक कंटाळून निघून गेला की तोच ट्रक दुसऱ्याला मिळतो. २०२१ च्या कायद्यान्वये नेमलेल्या सरकारी समितीने या व्यवहाराची चौकशी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये असे करार बंदच करावेत, अशी शिफारस केली. आमच्या मते समितीने योग्य जागी बोट ठेवले.

आता मैलाचा हिशेब पाहू. समजा, आठवड्याचे बांधलेले भाडे ८०० डॉलर आहे. त्याऐवजी मैलाला ३० सेंट ठरले. आठवड्यात २,५०० मैल झाले तर ७५० डॉलर द्यावे लागतील. मंदीत १,२०० मैलच झाले तर ३६० डॉलर. जुन्या करारात त्या आठवड्यालाही ८०० कापले गेले असते. म्हणजे मंदीचा बोजा ट्रकमालकानेही उचलला. याच न्यायाने मागाचे भाडे मीटरवर ठरले तर किती कारागिरांचा जीव भांड्यात पडेल!

तथापि खरी गोष्ट शर्तींत असते. करारात 'किमान इतके मैल' असे कलम घातले की हा पुन्हा बांधलेल्या भाड्याचाच करार झाला, नाव तेवढे बदलले. रिकाम्या परतीचे मैल धरायचे की नाही, हे न लिहिल्यास भांडण ठरलेले. मैल कोणते, हेही विचारावे. अमेरिकेत चालकाला मजुरी पुष्कळदा नकाशावरच्या अंतराप्रमाणे मिळते आणि ते प्रत्यक्ष धावलेल्या अंतरापेक्षा कमी भरते. मजुरी नकाशावर आणि भाडे गाडीच्या मीटरवर, असे झाले तर गरीब दोन्हीकडून कापला जातो. दुरुस्तीसाठीही दर मैलामागे काही सेंट कापून ठेवतात. १९७९ पासूनच्या तिथल्या नियमांप्रमाणे मालवाहू कंपनीने चालकाची अशी अनामत करार संपल्यावर ४५ दिवसांच्या आत हिशेबासह परत करावयाची असते. आपल्याकडे अनामतीचा हिशेब बहुधा जुबानीच चालतो.

आपल्या फिकहमधील इजाऱ्याचे तत्त्व इथे उपयोगी पडते. वस्तूची मालकी ज्याची, तिच्या मूळ नुकसानीची आणि मोठ्या दुरुस्तीची जिम्मेदारी त्याची. वापरणाऱ्याने वापराचे भाडे द्यावे. इंजिन बसले तर खर्च कोणाचा, एवढा एकच प्रश्न विचारला तरी करार खरोखर भाड्याचा आहे की नाही, ते कळते.

आपल्याकडे कोणी असा व्यवहार करील, तर एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाडेपट्ट्याच्या गाडीचा 'मालक' म्हणजे त्या कराराने गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो. अर्थात अपघात झाला तर नोटीस चालकाच्या नावे येऊ शकते, मग गाडीचे पैसे कोणी का गुंतविलेले असेनात. सबब भाडेपट्ट्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी, विम्याचा हप्ता कोण भरणार ते कागदावर असावे, आणि चावी हाती घेताना मीटरचा आकडा दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा.