मोटार उचलीना

पुणतांब्यातल्या मावशीच्या घरी एसी बसला आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेनासं झालं. हौदातलं पाणी वर नेणारी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार बटण दाबलं की नुसती गुंगुं करायची, फिरायची नाही. त्याच वेळी देवघरातला दिवा मंदावायचा आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर खट्‌कन बॅटरीवर जायचा. एसी मात्र काहीच घडलं नसल्यासारखा गार वारा देत राहायचा, त्यामुळे सगळ्यांचा संशय मोटारीवर. मावशीने ती रिवाइंडिंगच्या दुकानात धाडली, कंडेन्सर बदलला, बेअरिंगही बदलले. सकाळी एसी बंद असताना मोटार पहिल्या झटक्यात उचलली. दुपारी पुन्हा तेच.

या गावाला मोटारीचं कण्हणं नवं नाही. गोदावरीकाठचं हे बागायती गाव. १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगी इथेच पडली. विहिरीवरची मोटार, रात्रीची वीज आणि जळालेलं वाइंडिंग यांचा हिशोब इथल्या घराघरांत तोंडपाठ असतो. त्या अनुभवावरून शेजाऱ्यांनी निदान केलं, "डीपीवरूनच होल्टेज कमी येतंय." रानात हे कारण बहुधा खरं ठरतं. म्हणूनच घरात ते तपासून न पाहता कुणीही मान्य करतं.

वायरमन आला तो भर दुपारी, आणि मुद्दाम. "काकू, सकाळी आलो असतो तर सगळं चांगलंच दिसलं असतं. एसी लावा, पंखे लावा, रोज चालतं तेवढं सगळं चालू करा." मला त्याची ही पहिलीच गोष्ट आवडली. पाना-पक्कड पिशवीतच राहिली. त्याने टोंग टेस्टर काढला, घरात येणाऱ्या मेन वायरीभोवती त्याचा चिमटा लावला आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहिला: ७ अँपिअर. मग मीटरच्या सीलला हात न लावता, मीटरनंतरच्या कटआउटवर होल्टेज पाहिलं: २२७. तिथून घरातल्या मेन बोर्डावर: २१३. मोटारीचं बटण दाबायला सांगितलं. बोर्डावरचा आकडा १७० वर आपटला, कटआउटवरचा २२० च्या खाली गेला नाही.

डीपीवरचा आरोप इथेच गळून पडला. वीज कटआउटपर्यंत धड येत होती; हरवत होती ती कटआउट आणि बोर्ड यांच्यामधल्या दहा-बारा पावलांत.

मोटार का उचलत नव्हती, हेही त्या १७० मध्ये आहे. अशा मोटारीचा जोर होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १७० मिळाले तर होल्टेज चौथ्या हिश्शाने कमी होतं, पण जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. सुरू होताना मोटार एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या क्षणी होल्टेज आणखी पडतं. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर साधारण १८० च्या खाली गेल्यावर बॅटरीवर उडी घेतो, म्हणून ती खट्. आणि एसी? तो इन्व्हर्टर जातीचा. कमी होल्टेजवरही तो आपलं काम पुरं करतो, फक्त त्यासाठी करंट जास्त ओढतो. म्हणजे ज्याच्यामुळे ताण वाढला तो कुरकुरत नाही आणि ज्याला ताण सोसत नाही तो दोषी ठरतो. मोटारीवर झालेला सगळा खर्च या गैरसमजापायी झाला होता.

आता १४ होल्ट नेमके कुठे जातात ते शोधायचं होतं. वायरमनने एक लांब वायर कटआउटच्या न्यूट्रलपासून बोर्डाच्या न्यूट्रलपर्यंत धरली आणि दोन टोकांमधलं होल्टेज मोजलं. १२ होल्ट! फेजच्या वाट्याला फक्त २. एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या दोन वायरी. त्यातली एकच एवढं खात असेल तर तिच्यात जोड असणार. माळ्याच्या वर, कोळिष्टकात, एक जुना लाकडी गोल ठोकळा सापडला. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून त्याने तो उघडला. टेप उन्हात वाळलेल्या सालीसारखी कडक झाली होती आणि करपल्याचा वास खाली माझ्यापर्यंत आला. आत जुनी ॲल्युमिनियमची वायर नंतरच्या तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडलेली होती.

ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, थंड झाल्यावर आकसतात, आणि पीळ सैल होत जातो. घरात पंखे, ट्यूबा, टीव्ही होते तोवर या जोडातून जेमतेम दोन अँपिअर जात. एसीने ते सातावर नेले. करंट साडेतीन पट झाला की उष्णता बारा पट होते. १२ होल्ट गुणिले ७ अँपिअर म्हणजे ८४ वॉट, आणि त्यातले बहुतेक त्या एका पिळात, लाकडाच्या ठोकळ्यात, एसी चालू असेल तितका वेळ. मोटार उचलत नव्हती हे त्या घराचं भाग्य म्हणायचं. ती उचलत राहिली असती तर माळ्यावर कुणी चढलंच नसतं.

थंड देशांतल्या मराठी घरांतही हे दुखणं दुसऱ्या रूपात भेटतं. तिथे तळघरातली फर्नेस हिवाळ्यात हवा तापवून नळ्यांमधून घरभर फिरवते. नंतर सेंट्रल एसी बसवला तर त्याचं थंड कॉइल त्याच हवेच्या वाटेत बसतं आणि पंखाही फर्नेसचाच वापरला जातो. कॉइलवर धूळ बसली, किंवा पंखा मुळात तेवढ्या ताकदीचा नसला, की हिवाळ्यात हवा पुरेशी वाहत नाही. फर्नेस जास्त तापते आणि सुरक्षेचा स्विच ज्योत विझवतो. एसी तेव्हा बंद असतो, त्यामुळे बोलावलेला माणूस फर्नेसचे भाग बदलत बसतो. दोघांची वाट एक आहे, हे आधी पाहायला हवं.

पुणतांब्यात वायरमनने जुनी जोडवायर पूर्ण काढली. कटआउटपासून बोर्डापर्यंत मधे कुठेही जोड न देता ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, टोकांना लग दाबून बसवले. एसीला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. शेजारच्या एकाने सुचवलं की एवढा खटाटोप कशाला, न्यूट्रल अर्थिंगवरून घ्या. वायरमन हातातलं काम थांबवून त्याच्याकडे वळला. "भाऊ, अर्थिंगची तार तुटली तर मोटारीच्या अंगावर फेज येईल. ओल्या हाताने बटण कोण दाबतं? काकूच ना?" असा सल्ला गावोगाव सर्रास दिला जातो आणि तो जीवघेणा आहे, हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

अर्थिंगही त्याने तपासली. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरती उरते. त्यात पाणी ओतायला लावलं, गंजलेला नटबोल्ट घासून नवा बसवला.

मग पुन्हा सगळं चालू. बोर्डावर २२५. मोटारीचं बटण दाबल्यावर आकडा क्षणभर २१२ वर आला आणि परत वर गेला. इन्व्हर्टर हलला नाही, मोटार फिरली. भिंतीवरच्या जुन्या आकड्यांशेजारी त्याने नवे आकडे लिहिले आणि मावशीला ते न पुसायला सांगितलं, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्याला, तो दुसरा कुणी असला तरी, कशाशी ताडायचं ते कळेल. शेवटी वीजबिल मागून त्यावरचा मंजूर भार पाहिला. तो एसीच्या आधीचाच होता. भार वाढवायच्या अर्जाला काय काय जोडायचं, ते मावशीने बिलाच्या मागेच लिहून घेतलं.