साखरेची नक्षी

दिवाळीच्या फराळात केकचा विषय काढला म्हणून काही सुगरणी नाक मुरडतील. मुरडोत बापड्या! ज्या घरात आज चकल्यांचा डबा भरतो, त्याच घरात वर्षातून चार वेळा केकही कापला जातो. वाढदिवसाला आता औक्षणाचे तबक आणि केक अशी दोन्ही दैवते शेजारी-शेजारी मांडली जातात. मग लाडू घरचे आणि केक तेवढा विकतचा, असे का? हा प्रश्न मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पडला आणि मी केक सजवायला शिकू लागले.

केक भाजणे मला नवीन नव्हते. आमच्या लहानपणी आई जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवी, त्यावर केकचे भांडे ठेवी आणि झाकणावर निखारे. सजावट म्हणाल तर वर चार काजू. तेवढ्यावर आम्ही भावंडे खूश असू. पण आजच्या नातवंडांना केकवर गुलाब लागतो, कडेला झालर लागते आणि मधोमध स्वतःचे नावही लागते.

आमच्याच नगरात एक तरुण बाई घरी वर्ग चालवतात. आठ धडे, आठवड्यातून दोन. वर्गात आम्ही पाचजणी, त्यांतल्या चौघी माझ्या मुलीच्या वयाच्या. शिकवणाऱ्या बाई मला ‘काकू’ म्हणत आणि मी त्यांना ‘बाई’. वय माझे मोठे असले तरी विद्या त्यांची. तेव्हा मान त्यांचाच.

पहिल्या दिवशी सामान पाहूनच गंमत वाटली. कुंभाराच्या चाकाची धाकटी बहीण शोभेल असा फिरता पाट, बोथट पात्याची लांब सुरी, त्रिकोणी पिशव्या आणि पितळी नव्हे तर पोलादी टोपणे, म्हणजे नोझल. त्यातले चांदणीच्या तोंडाचे नोझल हाती घेतले आणि मी हसले. ही तर आमच्या सोऱ्यातली चकलीची चकती! पिशवी म्हणजे मेंदीचा कोन आणि कडेची झालर म्हणजे करंजीची मुरड. मराठी बाईच्या बोटांना यातले निम्मे आधीच येत असते. फक्त साहेबी नावे तेवढी नवी.

उरलेले निम्मे मात्र शिकावेच लागते आणि त्याचा पहिला धडा थंडाव्याचा आहे. लोण्याचे आयसिंग करायचे तर १०० ग्रॅम लोण्याला साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर. ही साखर मैद्यासारखी बारीक असते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडे कॉर्नफ्लोअर असते. पण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि एप्रिल-मेमध्ये आपली स्वयंपाकघरे त्याच सुमारास पोहोचतात. तळहाताची ऊब निराळीच. म्हणून बाई सांगत, “काकू, पिशवीत थोडेच भरा. मूठभर. बाकीचे फ्रिजमध्ये राहू द्या.” मुंबई-ठाण्याकडे पुष्कळजणी लोण्याऐवजी वनस्पती स्निग्धांशाचे क्रीम फेटतात, ते याच कारणाने. त्याला लोण्याची चव नाही, पण उकाड्यात ते उभे राहते. दुधाचे क्रीम हवे असेल तर त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश हवा. वाण्याकडच्या २५ टक्क्यांच्या खोक्यातले क्रीम भाजीत छान, पण कितीही फेटले तरी त्याचा तुरा उभा राहत नाही.

दुसरा धडा सबुरीचा. केक पूर्ण निवाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग दातेरी सुरीने वरचा फुगवटा कापून माथा सपाट करायचा, थरांवर साखरेचे पाणी शिंपडायचे आणि आधी क्रीमचा अगदी पातळ हात फिरवायचा. या पहिल्या हाताने चुरा जागच्या जागी बसतो. त्यानंतर अर्धा तास फ्रिज आणि मग खरा थर. भिंतीला रंगापूर्वी अस्तर लावतात, तसेच हे. त्या अर्ध्या तासात भांडी घासून होतात, हा वरचा नफा.

तिसरा धडा दाबाचा. चांदणी काढताना पिशवी सरळ उभी धरायची, कडेची शिंपल्यांची झालर काढताना तिरकी, साधारण ४५ अंशांत. दाबायचे, फुगू द्यायचे, दाब सोडायचा आणि मगच पिशवी उचलायची. दाब सोडण्याआधी हात उचलला तर प्रत्येक चांदणीला शेपूट फुटते. गुलाबासाठी निमुळत्या फटीचे नोझल असते. त्याची रुंद बाजू खाली ठेवून आधी मधली कळी, तिच्याभोवती तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. डाव्या हातात खिळ्यासारखी एक दांडी फिरत राहते आणि उजवा हात जवळजवळ स्थिर. सराव करायला केक लागत नाही. ताट पालथे घालावे, त्यावर नक्षी काढावी, खरवडून पुन्हा पिशवीत भरावी. आमच्या घरी महिनाभर पालथे ताट आणि मी अशीच जोडी होती. ‘हे’ वर्तमानपत्राआडून म्हणत, “आज काय, कोबी की गुलाब?” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणे बंद केले, तेव्हा मी समजले की गुलाब गुलाबासारखा दिसू लागला आहे.

या कलेची परंपरा लहान नाही. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला शुभ्र साखरेने मढवलेला केक गाजला. १९२९ मध्ये शिकागोत ड्यूई विल्टन यांनी केक सजवण्याचे वर्ग काढले. आणि आपल्या पुण्याचे म्हणाल, तर प्राची धबल देब यांनी ब्रिटनमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे धडे घेतले आणि अंड्याविना होणाऱ्या रॉयल आयसिंगमधून लेसइतकी नाजूक कामे केली. मिलानच्या कॅथेड्रलवरून सुचलेली त्यांची १०० किलोंची साखरेची इमारत २०२२ मध्ये पुष्कळांनी छायाचित्रांत पाहिली असेल. पिशवी, नोझल आणि दाब तेच. फरक हाताच्या तयारीचा.

पण मला खरा धडा मिळाला तो नवव्या दिवशी, म्हणजे वर्ग संपल्यावर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. नातीचा पहिला वाढदिवस. “एक किलोचा केक करून द्याल ना? गुलाबी फुलांचा. घरचाच तर आहे!”

‘घरचाच’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. ह्यांनीही लगेच दुजोरा दिला, “शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? पैसे कसले घ्यायचे?” मलाही क्षणभर तेच वाटले. इतकी वर्षे या इमारतीत माझे लाडू वर-खाली जात आले आहेत. त्यांचा हिशेब मी कधी मांडला नाही, आणि मांडणारही नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात बाई भेटल्या. मी हौसेने सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “काकू, रागावू नका. तुम्हांला निवृत्तिवेतन आहे. माझी दोन मुलांची फी या केकवर आहे. तुम्ही फुकट दिलात, की उद्या याच इमारतीतली माणसे मला म्हणतील, ‘काकू तर असाच देतात.’”

मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. लोणी, साखर, मैदा, अंडी, रंग, पुठ्ठ्याचा खोका मिळून ४१० रुपये. वीज वेगळी. आणि माझे साडेपाच तास. साडेपाच तास! नोकरीत असताना अर्धा तास जास्त बसले तरी मी त्याची नोंद करीत असे. मग स्वयंपाकघरात बसलेले तास कुणाच्या वहीत लिहायचे? बाईच्या हातच्या कामाला आपण हौस म्हणतो, माया म्हणतो. काम एवढे म्हणायला विसरतो. त्यात आपले भागत असेल, पण ज्या बाईचे घर त्यावर चालते तिचे भागत नाही.

संध्याकाळी वहिनींना सांगितले, “केक करते. नऊशे रुपये. बाई घेतात तेवढेच.” वहिनी “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. दोन दिवस जिन्यात आमची नुसती मान हलत होती. ह्यांनी घरात मौन धरले होते. तिसऱ्या दिवशी वहिनींची सून पाकीट घेऊन आली. म्हणाली, “काकू, निम्मे आगाऊ. आणि मलाही शिकायचंय. कुठे जाऊ?” मी बाईंचा पत्ता दिला.

तेव्हा ज्या भगिनींना या दिवाळीनंतर केक सजवायला शिकायचे असेल, त्यांनी खुशाल पालथ्या ताटावर सुरुवात करावी. सकाळच्या गारव्यात काम करावे. पावसाळ्यात साखरेच्या फुलांना पाणी सुटते, तेव्हा ती आयत्या वेळी लावावीत. रंग थेंबाथेंबाने घालावा, कारण तो तास-दोन तासांनी आणखी गडद होतो. विकायचे असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी करावी. आणि एक वही घालावी. तिच्या डाव्या पानावर सामान लिहावे, उजव्या पानावर तास. नातवाच्या वाढदिवसाचा केक त्या वहीत लिहू नये. बाकीचे सगळे लिहावेत.