सिरॅमिक आणि धातू यांची सोयरीक

विद्युत्प्रवाह तोडणाऱ्या निर्वात खटक्यात ॲल्युमिनाचे पांढरे नळकांडे व धातूची टोपी एकमेकांस झाळलेली असतात. त्या सांध्याला केसाएवढी चीर पडली की आतील निर्वात गेला, आणि सारे उपकरण भंगारात जमा!

72 भाग चांदी व 28 भाग तांबे यांचा मिश्रधातू सुमारे 780 अंश सेल्सिअसला वितळतो. परंतु सिरॅमिकवर तो पाऱ्यासारखा गोळा होऊन राहतो. त्यात थोडे टायटॅनियम घातले म्हणजे तो पसरतो आणि धरतो. खरी अडचण निवताना येते. स्टेनलेस पोलादाची एक मीटर लांब कांब 700 अंश निवली तर सुमारे 12 मिलिमीटर आखडते. ॲल्युमिना जेमतेम त्याच्या निम्म्याने. या ओढाताणीत धातू दबतो, सिरॅमिक मात्र तडकते.

म्हणून मध्ये मऊ तांब्याचा पत्रा घालतात. तथापि तांबेही पोलादाइतकेच आखडते. यास्तव संशोधक त्या मधल्या थरात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका मिसळतात. 1991 साली जपानच्या सुमिओ ईजिमा यांच्या निबंधाने त्यांकडे जगाचे लक्ष वेधले. उष्णतेने त्या फारच थोड्या प्रसरण पावतात. त्यामुळे थराचे आखडणे घटते व त्यास बळ येते. मात्र अधिक माल म्हणजे अधिक लाभ, हा आपला हिशेब येथे चालत नाही. नलिकांचा गठ्ठा झाला की तेथे पोकळी राहते; शिवाय टायटॅनियम कार्बनशी संयोग पावून खर्ची पडते, आणि सिरॅमिकला धरण्यास पुरेसे उरत नाही. हा गठ्ठा टाळण्यासाठी काही प्रयोगशाळांत ग्राफीनने मढवलेला तांब्याचा सच्छिद्र फेसच मध्ये घालून पाहिला आहे.