डोकेदुखी: केव्हा आणि कशी?

डोकेदुखीला आपल्याकडे आजाराची प्रतिष्ठा नाही. जागरण, ऊन, पित्त, चष्म्याचा नंबर अशी कारणे घरच्या घरी ठरतात आणि सुंठीच्या लेपावर वा एखाद्या गोळीवर प्रकरण मिटते. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही असते. परंतु असंख्य निरुपद्रवी डोकेदुखींच्या गर्दीत क्वचित एखादी प्राणघातक असते. तिला ओळखण्याचे पहिले साधन यंत्र नव्हे, तर एक साधा प्रश्न आहे: दुखणे केव्हा आणि कसे सुरू झाले?

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डोक्याच्या मागील भागात भयंकर वेदना होत असल्याचे सांगितले आणि थोड्याच वेळात ते बेशुद्ध झाले. त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका आढळला. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दुपारी त्यांचा अंत झाला. त्या काळी वैद्यकशास्त्र हतबल होते. आज तसे म्हणता येणार नाही.

मेंदूलगतच्या रक्तवाहिनीवरील फुगा फुटला की वेदना मिनिटभरातच पराकोटीला पोहोचते. अर्धशिशी सहसा हळूहळू चढते. ही मात्र वीज कोसळावी तशी येते. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव सहसा सुटत नाही. त्यानंतर मात्र स्कॅन निर्दोष आला तरी पाठीच्या कण्यातील पाणी तपासण्याची गरज पडू शकते. उशिराची किंमत ती हीच. गोळीने दुखणे थांबले म्हणून धोका टळला, हा समजही घातक होय.

तापाबरोबर मान आखडणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, गर्भारपणी वा बाळंतपणानंतर उद्भवलेली तीव्र वेदना, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली आणि चावताना जबडा दुखविणारी डोकेदुखी, ही सारी धोक्याची चिन्हे आहेत. बंद खोलीत गॅस गीझर वा शेगडी पेटती असताना घरातील सर्वांचेच डोके दुखू लागले, तर विषारी वायूचा संशय घेऊन प्रथम बाहेर पडावे.

सोसणे हा आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, सद्गुण मानला जातो. तो येथे उपयोगाचा नाही. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुखणे किती वाजता, कशा रीतीने सुरू झाले हे डॉक्टरांना नेमके सांगावे. डॉक्टरांनीही गोळी लिहिण्यापूर्वी तेवढे विचारावे. या प्रश्नोत्तराला एक मिनिट पुरते. न विचारल्यास एखाद्या कुटुंबाला त्याची भरपाई आयुष्यभर करावी लागते.