रक्षाविसर्जन आणि महिन्याची मिस्सा

लेखमाला : शोक आणि श्रद्धा – लेखांक ६

कोल्हापुरात निधनवार्तेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. नाव, वय, पेठ, मागे कोण कोण आहेत हे सगळं सांगून झालं, की रक्षाविसर्जन कोणत्या दिवशी आणि किती वाजता ते येतं. सकाळी पेपर उघडून आधी तेवढंच वाचणारी माणसं या शहरात घरोघरी आहेत. पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत महापालिका दहनासाठी पैसे घेत नाही. होळीला तालमी आणि मंडळं तिथं शेणी पोचवतात. कुणाचं मरण ही इथं एका घराची गोष्ट राहत नाही, गल्ली ती अंगावर घेते. तिसऱ्या दिवशी रक्षा पाण्यात सोडून माणसं परततात, आणि मग घर आणि घरातली माणसं उरतात.

याच शहरातल्या कॅथलिक घरात मरण आलं, तर ठरलेलं वाक्य निराळं असतं. तिथं सातव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली ख्रिस्तप्रसादाची उपासना, असते, मग महिन्याची आणि पुढं वर्षाची. या लेखांकात त्या मिस्सांविषयी आणि त्यांतून शोक करणाऱ्याच्या हाती काय लागतं त्याविषयी.

कोल्हापूरकर ‘ख्रिश्चन’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर प्रोटेस्टंट समाज असतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आले आणि त्यांच्यामागून शाळा, दवाखाने, चर्च अशी मोठी परंपरा उभी राहिली. कॅथलिक त्या मानानं थोडे. चर्चच्या कारभारात हा जिल्हा २००५ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होता. त्या वर्षी सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत झाला आणि कोल्हापूर त्यात गेलं. म्हणजे इथल्या कॅथलिकांचे बिशप घाटाखाली, सावंतवाडीला बसतात.

एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या या दोन समाजांची वाट मरणाच्या दारात वेगळी होते. प्रोटेस्टंट समजुतीनुसार गेलेला माणूस देवाच्या हाती गेला. त्याच्यासाठी आता मागण्यासारखं काही उरलं नाही. प्रार्थना करायची ती मागे राहिलेल्यांसाठी. कॅथलिक मात्र मृतासाठीही प्रार्थना करतो. त्याला आधार म्हणून तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवतो. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी अर्पण पाठवतो, ती कथा त्यात आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही. वाद ईश्वरशास्त्राचा आहे, पण त्याचा परिणाम थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. नवरा गेलेल्या बाईला पहिल्या मताचं चर्च सांगतं, तो सुखरूप आहे. दुसऱ्या मताचं चर्च आणखी एक गोष्ट सांगतं: त्याच्यासाठी तुला अजून काही करता येतं. शोकात माणसाचे हात रिकामे पडतात. डबा कुणाचा भरायचा, औषधं कुणाला द्यायची, रात्री कुणासाठी जागायचं? त्या रिकाम्या हातांना काम देणं, कॅथलिक सांत्वनाचं खरं बळ इथं आहे असं या लेखमालेला वाटतं.

हे काम आजारपणातच सुरू होतं. फादर घरी किंवा दवाखान्यात येऊन रुग्णाच्या कपाळाला आणि हातांना तेल लावतात. शुद्धीवर असेल तर त्याला शेवटचा ख्रिस्तप्रसाद देतात. वाटेची शिदोरी या अर्थाचं त्या प्रसादाचं लॅटिन नाव आहे. मरणानंतर विधी तीन जागी होतो: घरी, चर्चमध्ये आणि थडग्यापाशी. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, बाप्तिस्म्याच्या पाण्याची ती आठवण असते. पुनरुत्थानाच्या सणाला पेटवलेली मोठी मेणबत्ती पेटीजवळ पुन्हा पेटवतात. शेवटी जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. कोण बोलणार, कोण काय म्हणणार याची चिंता घरच्यांना करावी लागत नाही. शब्द आधीच ठरलेले असतात, आणि ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याला तो मोठा आधार असतो.

तिसरा, सातवा आणि तिसावा दिवस पाळण्याची चाल फार जुनी आहे. ३९५ मध्ये रोमन सम्राट थिओडोसियस वारला. त्याच्या चाळिसाव्या दिवशी मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी प्रवचन केलं. काही जण तिसरा आणि तिसावा दिवस पाळतात, काही सातवा आणि चाळिसावा, असं ते त्यात सांगतात. पोप पहिले ग्रेगरी (५९०–६०४) यांच्या नावानं सलग तीस दिवस मिस्सा अर्पण करण्याची प्रथा आजही चालू आहे. मराठी वाचकाला इथं दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध आठवणारच. दोन्हीमागचं तत्त्वज्ञान एक नाही, ते एकच आहे असं म्हणायची घाईही करू नये. इथं पिंड नाही, पुनर्जन्म नाही. पण शोकाला तारखा लागतात हे दोन्ही परंपरांना कळलं आहे. सातव्या दिवसापर्यंत नातेवाईक असतात. तिसाव्या दिवशी, सगळे आपापल्या कामाला लागलेले असताना, चर्चमध्ये त्याच माणसाचं नाव पुन्हा मोठ्यानं घेतलं जातं. ज्याच्या घरात पहिल्या महिन्यानंतर फोन वाजायचा थांबला आहे, त्याला या नाव घेण्याचं मोल विचारावं.

या नाव घेण्याची सगळ्यात सुंदर कथा एका मुलानं आपल्या आईविषयी लिहून ठेवली आहे. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात तापानं वारली. मुलाबरोबर ती आफ्रिकेला, आपल्या गावी परत निघाली होती. नवऱ्याच्या शेजारी पुरलं जावं अशी तिची जन्मभराची इच्छा, जागाही तिनं ठरवून ठेवली होती. पण शेवटच्या दिवसांत तिनं मुलांना सांगितलं, की माझं शरीर कुठंही पुरा, त्याची काळजी करू नका. एवढंच मागते, जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. ऑगस्टीन यांनी तिचे डोळे मिटले आणि स्वतःचं रडणं दाबून धरलं. दफनाच्या वेळीही त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसानं रडणं बरं नव्हे, असं त्यांना वाटत होतं. मन हलकं व्हावं म्हणून त्यांनी स्नान केलं, पण दुःख धुऊन गेलं नाही. मग झोप लागली, आणि जाग आल्यावर एकांतात बांध फुटला. पुढं दहाएक वर्षांनी ‘कन्फेशन्स’मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलं. आईसाठी थोडा वेळ रडलो याला कुणी पाप म्हणणार असेल तर म्हणो, अशी त्यांची भूमिका आहे.

ज्या चर्चनं या माणसाला आपला थोर आचार्य मानलं, त्याच चर्चमधली काही माणसं अजूनही मयताच्या घरी येऊन ‘रडू नका, तो स्वर्गात आहे’ असं सांगतात. हे चूक आहे. बेथानी गावात लाजर या मित्राच्या थडग्याकडे जाताना येशू स्वतः रडला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. थोड्याच वेळात तो लाजरला उठवणार होता, तरी रडला. श्रद्धा असली की अश्रू नकोत, असं ख्रिस्ती धर्म कुठंच सांगत नाही.

या परंपरेला एक काळी बाजूही होती. मृतांसाठी प्रार्थना करायची ती का, याचं उत्तर ‘शुद्धिस्थान’ या शिकवणीत आहे. देवाच्या मैत्रीत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा तिथं शुद्ध होतो. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनं ही शिकवण मांडली आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं ती पक्की केली. मधल्या काळात तिचा बाजार झाला. मेलेल्या आईबापांच्या यातनांची चित्रं रंगवून जिवंत मुलांकडून पैसे काढले गेले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उठला तो याच व्यवहारावर. ट्रेंटनं असल्या कमाईला मनाई केली. आजचा चर्चचा कायदा सांगतो, की एका मिस्सेसाठी एकच देणगी घ्यावी, आणि गरिबानं काही दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये अंत्यविधीचा नवा ग्रंथ आला. न्यायाच्या दिवसाच्या भीतीनं भरलेलं जुनं लॅटिन गीत त्यातून गळलं आणि काळ्या वस्त्राच्या जोडीला जांभळं किंवा पांढरं चाललं. विधी लोकभाषेत आला. आईला निरोप आईच्या भाषेत देता येऊ लागला. मराठी कॅथलिकांसाठी हा बदल लहान नव्हता.

त्याहून मोठा बदल आणखी एका बाबतीत झाला, आणि त्याची माहिती कॅथलिक घरांतही पुरेशी पोचलेली नाही. आत्महत्या केलेल्या माणसाला पूर्वी चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिलं नाही. १९९२ ची धर्मशिक्षणाची अधिकृत संहिता सांगते, की गंभीर मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळं अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय, या प्रश्नानं कित्येक पिढ्यांतल्या आया पोळल्या. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्रीय आयोगानं त्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असा निष्कर्ष मांडला. ज्या घराला याची गरज आहे, त्या घरापर्यंत हे कुणीतरी नेलं पाहिजे.

आता पुन्हा रक्षेकडे. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. शुद्धिस्थानाची शिकवण ज्या शहरात मांडली गेली, त्याच कॅथलिक शहरात आता एका हिंदू राजाचं दहन व्हायचं होतं. माणसाला जाळायची कल्पनाही तिथल्या लोकांना परकी. तरी नगरपालिकेनं परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. हिंदू रीतीत संगम पवित्र, तो परमुलखात शोधून दिला गेला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा बसवला. जवळून जाणाऱ्या विसाव्या शतकातल्या पुलालाही लोक त्या ‘भारतीया’चंच नाव देतात. ज्यांची रक्षा पाण्यात सोडायची, त्यांच्यासाठीही आठवणीची एक जागा उरली.

कॅथलिक चर्च दहनाबद्दल त्या वेळी फार कडक होतं. १८८६ मध्ये तर त्यावर अधिकृत बंदीच आली. दहनाचा पुरस्कार करणारे कित्येक जण पुनरुत्थान नाकारण्यासाठीच तो करत, अशी चर्चची धारणा होती. ती बंदी १९६३ मध्ये उठली. आज कॅथलिकाला दहन चालतं, दफन अधिक पसंत. मात्र २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे अस्थी-रक्षा हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात सोडायची नाही. ती दफनभूमीत किंवा चर्चनं नेमलेल्या पवित्र जागी ठेवायची. २०२३ मध्ये घरच्यांना तिचा अगदी थोडा अंश जिव्हाळ्याच्या जागी ठेवता येईल, एवढी सवलत मिळाली. कोल्हापुरात ज्या कुटुंबात हिंदू आणि कॅथलिक दोन्ही बाजूंचे नातलग आहेत, तिथं हा प्रश्न ऐन दुःखात उभा राहू शकतो. तो आधीच बोलून ठेवलेला बरा. चर्चच्या आग्रहामागचं कारण साधं आहे: मृताला नाव असलेली जागा हवी आणि जिवंताला तिथं जाता आलं पाहिजे.

जागा आणि तारीख यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आहे, आई. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. येशूच्या आईला, मारियेला, मराठी कॅथलिकांनी दिलेलं हे नाव, माउली, पंढरीच्या वाटेवरच्या कुणालाही परकं वाटणार नाही. हाताशी आलेल्या मुलाचं मरण तिनं उभ्यानं पाहिलं. मूल गमावलेली आई जपमाळ हातात घेते तेव्हा ती उपदेशकाकडे जात नसते, तिच्याच वाटेनं गेलेल्या बाईकडे जात असते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाच्या रहस्यांची, म्हणजे येशूच्या यातनांची, जपमाळ म्हटली जाते. मृताच्या घरी शेजारणी संध्याकाळी जमतात, एकीचा आवाज फुटला की दुसरी ओळ उचलते.

उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘नाही मी एकला’. कॅथलिक श्रद्धा मृताविषयी आणि त्याच्या माणसांविषयी जे मानते, ते या तीन शब्दांत आहे.

जप करून भूक आणि झोप परत येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फादरांच्या जोडीनं डॉक्टरांकडेही जावं. एकामुळं दुसरं अडत नाही.

वाचकांना एक विनंती. ओळखीच्या कॅथलिक घरात मरण आलं तर दफनाला जाच, पण महिन्याच्या मिस्सेची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशीही जा. आत येताना कुणी धर्म विचारत नाही. मागच्या बाकावर बसा, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरच थांबा, बाहेर पडताना घरच्यांना भेटा. आणि २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, त्यांच्याबरोबर दफनभूमीत जाता आलं तर मेणबत्तीचं एक पाकीट घेऊन जा.