कुत्र्याला पोळी चालते, मांजराला नाही

रात्रीची जेवणं झाली की उरलेली पोळी दुधात कुस्करायची आणि वाटी दाराशी ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कुत्रा असो की मांजर, वाटी तीच. वाड्यातलं किंवा शेतावरचं मांजर ती चाटून उंदरांच्या मागे जायचं आणि त्याचं खरं जेवण तिथे व्हायचं. आज तेच मांजर चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीत बसून असतं. त्याच्या पोटात जे जातं ते सगळं आपण दिलेलं असतं. प्राणी पाळण्याच्या जबाबदारीत लस, नसबंदी, पट्टा, परवाना हे सगळं येतंच. पण रोज दोनदा कसाला लागते ती जबाबदारी वाटीतली, आणि नेमकं तिच्याबद्दलच आपण सर्वांत कमी विचार करतो.

कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर वाढला आणि त्याच्या शरीरात त्याची खूण उरली आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची जनुकं लांडग्यांच्या जनुकांशी ताडून पाहिली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या वस्तीभोवती राहून ज्यांना धान्य पचलं, ते टिकले. म्हणून भाकरी, पोळी, भात कुत्र्याला चालतो. मात्र नुसत्या दूध-पोळीवर त्याचं भागत नाही. प्रथिनं कमी पडतात आणि वाढत्या पिल्लाची हाडंही कच्ची राहतात.

मांजराची गोष्ट वेगळी. ते माणसाजवळ आलं ते धान्यावर जमणाऱ्या उंदरांसाठी, आणि शरीराने आजही पक्कं मांसाहारी राहिलं आहे. गाजरातल्या केरोटिनपासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला गोडाची चवही कळत नाही, कारण ती ओळखणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. श्रीखंडाच्या पातेल्याभोवती ते घुटमळतं ते दुधातल्या स्निग्धांशासाठी. दूध त्याला आवडतं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि मग जुलाब सुरू होतात.

सर्वांत महत्त्वाचं आहे टॉरिन. मांस आणि मासळीत असणारं हे द्रव्य मांजर स्वतः पुरेसं तयार करू शकत नाही आणि धान्य-भाज्यांत ते जवळजवळ नसतंच. ते न मिळाल्यास दृष्टिपटल झिजून मांजर आंधळं होतं, हे १९७५ मध्ये दिसून आलं. १९८७ मध्ये अमेरिकेतले पशुवैद्य पॉल पायन यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय सैल होऊन फुगण्यामागेही हीच कमतरता असते. तोपर्यंत कित्येक मांजरं तयार खाद्य खाऊनही या आजाराने दगावत होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. वाईट हे की कमतरतेचा परिणाम दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. दही-भातावर ठेवलेलं मांजर बराच काळ ठणठणीत दिसतं, आणि ‘आमचं मांजर शाकाहारी आहे’ असं घरात कौतुकाने सांगितलं जातं.

मला या कौतुकाची फार भीती वाटते. घरात मांस-मासळी न शिजवणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण मांजराने ती श्रद्धा स्वीकारलेली नाही. अशा घरांसाठी मांजरांचं पूर्ण आहार असलेलं बंद पाकिटातलं खाद्य हा सोपा मार्ग आहे. तेही घरात नको असेल, तर मांजर न आणणं हेच त्याच्यावरचं प्रेम. कुत्र्यांचं खाद्य मांजराला पुरत नाही, कारण त्यात मांजराच्या गरजेइतकं टॉरिन असेलच असं नाही. घरी चिकन उकडत असाल तर पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. नुसतं चिकनही पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. म्हणून घरचंच द्यायचं असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं.

‘भूक लागली की खाईल’ हे आपल्या घरांतलं लाडकं वाक्य. हट्टी मुलाला ते लागू पडत असेल, मांजराला नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून कावीळ होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. खाद्य बदलायचं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलावं. ‘थांबून बघू’ हे आणखी एका बाबतीत चालत नाही: बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत प्रकरण हाताबाहेर जातं.

आपल्या स्वयंपाकघरात धोका सर्वत्र आहे. कांदा-लसणाशिवाय आपला रस्सा होत नाही, आणि कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यातली पूड, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. मांजरं याबाबतीत जास्तच नाजूक. परिणाम काही दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढुरक्या, लघवी तांबूस, जनावर मलूल. तोवर रविवारचं मटण कुणाच्या लक्षातही नसतं. शिजलेलं हाड तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततं.

नाशिकची द्राक्षं आणि तासगावचे बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा आमटी-भाताचा घास आणि शिऱ्यातला बेदाणा दोन्ही वर्ज्य. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री च्युइंगम कुत्र्यापासून दूर ठेवा. अंग गरम लागलं म्हणून मांजराला दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. ती पचवण्याची यंत्रणाच त्याच्या यकृतात नीट नसते.

लॅब्रॅडॉरबद्दल एक वेगळी गोष्ट. तो सतत ताटाजवळ बसतो म्हणून त्याला हावरट म्हणू नये. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. त्यामुळे त्यांना अन्नाची ओढ जास्त असते. अशा कुत्र्याच्या वतीने ‘पुरे’ म्हणायचं काम घरातल्या माणसांचं, आणि सगळ्यांचं मिळून. आजी गुपचूप देते तो पोळीचा तुकडाही मोजायला हवा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, कंबर वरून दिसली पाहिजे.

पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. वाईट हेतूने उपाशी ठेवणारे थोडे, चुकीचं खाऊ घालणारे फार.

आणि वर सांगितलेल्या घातक पदार्थांतलं काही चुकून पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रक्तातलं मीठ वाढून त्यानेच जनावर दगावू शकतं. काय खाल्लं, किती, केव्हा हे लिहून घ्या, वेष्टण किंवा गोळीची पट्टी बरोबर घ्या आणि लक्षणं दिसायची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठे आहे, त्याचा नंबर आजच फ्रिजच्या दारावर लावा.