घराला खरपूस लूक!

वीकेंड होम्सची ब्रोशर्स चाळली की एक फोटो हमखास दिसतो. पांढरी भिंत, काळ्या फ्रेमच्या खिडक्या आणि मधोमध चॉकलेटी लाकडी पट्ट्या. एकदम रिसॉर्ट फील! लगेच मनात हिशेब सुरू होतो, आपल्या रो हाऊसच्या पुढच्या भिंतीला हे कसलं भारी दिसेल. इंटिरिअरवालाही तयारच असतो. ‘सर, हे थर्मोवूड. हीट ट्रीटेड. याला काही म्हणजे काही होत नाही.’

त्याचं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

हा फंडा मूळचा फिनलंडचा. तिथल्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने 1990च्या दशकात ही पद्धत विकसित केली. पाईन, स्प्रूस किंवा अ‍ॅशच्या फळ्या बंद भट्टीत 185 ते 215 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायच्या. आत वाफ सोडलेली असते, म्हणून लाकूड पेट घेत नाही. केमिकल शून्य. एवढ्या तापात लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा तोच तर आवडता खाऊ! शिवाय असं लाकूड ओलावा कमी धरतं, त्यामुळे साध्या पाईनसारखं फुगत-आकसत नाही. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे हा गुण कामाचाच.

थर्मोवूड हा खरं तर रजिस्टर्ड ब्रँड. पण बोलताना कुठल्याही भाजलेल्या लाकडाला सर्रास तेच नाव दिलं जातं. म्हणून ग्रेड विचारा. पाईन-स्प्रूसमध्ये ‘थर्मो-एस’ 190 अंशांच्या आसपास तापवतात आणि ‘थर्मो-डी’ 212च्या. डी म्हणजे ड्युरेबिलिटी. थेट पाऊस झेलणाऱ्या भिंतीसाठी डीच मागा. मात्र जास्त भाजलं की ताकद घटते, तेव्हा पर्गोलाचे खांब, तुळया यासाठी हे लाकूड नको.

आता रंगाचं बोलू, कारण पैसे आपण त्यासाठीच मोजतो. हा चॉकलेटी रंग आतपर्यंत असतो, तरी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी लाकूड हळूहळू राखाडी पडतं. तेही सगळीकडे सारखं नाही! पश्चिमेची भिंत आधी फिकटते, छज्जाखालचा पट्टा मात्र बराच काळ तपकिरी राहतो. अनेकांना हा चंदेरी लूक आवडतो, लाकडाची ताकदही त्याने लगेच जात नाही. पण ब्रोशरमधलाच रंग हवा असेल, तर रंगद्रव्य असलेलं, यूव्ही प्रोटेक्शनचं ऑइल लावावं लागेल आणि लावत राहावं लागेल. नुसतं पारदर्शक ऑइल ऊन फारसं अडवत नाही. आपल्या उन्हापावसात हे काम दर वर्षा-दोन वर्षांनी निघेल असं धरून चाला. दुमजली भिंत असेल तर दर वेळी पराती बांधण्याचा खर्चही आलाच. ईएमआय सुरू असताना हा आकडा आधीच कागदावर मांडलेला बरा.

दुसरा मुद्दा वाळवीचा, आणि तो सेल्समन सहसा काढत नाही. भाजल्याने बुरशीपासून संरक्षण मिळतं, वाळवीपासून नाही. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायची पद्धत काही उगाच नव्हती. तेव्हा पट्ट्या बसवण्याआधी पायाभोवती अँटी-टर्माइट ट्रीटमेंट करून घ्या. खालची पट्टी जमिनीपासून किमान 300 मिलिमीटर, म्हणजे फूटभर वर ठेवा. त्यामुळे पावसाचं उडणारं चिखलपाणीही लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या कुंड्या, मातीचे ढीग, वेली तिथून हलवा.

बसवताना सुताराच्या डोक्यावर उभं राहा. पट्टी थेट भिंतीला ठोकायची नाही. मागे रिपा मारून किमान 20 मिलिमीटरची फट ठेवायची, वर-खाली हवा खेळती हवी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, कारण हे लाकूड आम्लधर्मी असतं आणि साधे खिळे गंजून काळे ओघळ येतात. आधी ड्रिल, मग स्क्रू, नाहीतर कडा तडकतात. कापलेल्या टोकांना ऑइल लावलंय ना, हे स्वतः बघा. पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

मेंटेनन्स तसा सोपा आहे. पावसाळ्यानंतर मऊ ब्रश आणि साधं पाणी. काळे ठिपके दिसले तर ती बहुतेक वेळा वरवरची बुरशी असते, धुतली की जाते. कार वॉशचा प्रेशर पंप मात्र लांब ठेवा, त्याने लाकडाचे धागे उभे राहतात.

आणि हो, फ्लॅटवाल्यांनो, बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला हात लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. भाजलं असलं तरी हे लाकूड आहे, जळतं. उंच इमारतीत फायरचे नियम विचारल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

घाई नसेल तर एक करा. सॅम्पलचे दोन तुकडे मागून घ्या. एक कपाटात टाका, दुसऱ्याला अर्ध्या भागावर ऑइल लावून गच्चीत ठेवा. मार्चमध्ये ठेवलात तर दिवाळीत तिन्ही रंग शेजारी शेजारी ठेवून बघता येतील, आणि मग ऑर्डर देता येईल.